ग्रॅनाइटचं दुकान: माल बम, पण दगडाची माहिती विचाराल तर मालक गप्प (५ पैकी ३.५)

ओटा नवीन करायचा होता म्हणून तालुक्याच्या या दुकानात गेलो, सोबत भाची होती, ती नागपूरला भूगर्भशास्त्रात एमएस्सी करून राह्यली. व्हरायटी आमच्या गोंदियाकडं एका जागी एवढी कमीच भेटते. स्लॅब उभ्या लावून ठेवतात, पूर्ण पट्टी पाहता येते, हा मोठा पॉइंट.

काश्मीर व्हाइटवर लालसर ठिपके होते. मालक म्हणे, "डाग आहे जी, पॉलिशमध्ये निघून जाईल." भाचीनं भिंग लावलं अन म्हणे, "मामा, डाग नाही हा, गार्नेट आहे, हा काही निघत नाही." चिकणमातीसारखा ॲल्युमिनियमवाला गाळ खोल जाऊन वितळला की असं खनिज येते म्हणे. अन दगड काश्मीरचा नाहीच, तामिळनाडूचा! ब्लॅक गॅलक्सी या काळ्या दगडातले सोनेरी कण पण पायरॉक्सिन नावाच्या खनिजाचे, तो आंध्रातल्या चिमकुर्तीला निघते अन शास्त्राच्या हिशोबानं ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो नावाच्या काळ्या अग्निजन्य दगडाच्या घराण्यातला. ओट्याला मात्र एकदम फिट.

मंग तिच्या बोलण्याची गाडी सुटली अन खरं सांगतो, मला मालकापेक्षा तिचंच ऐकायला मजा आली. ग्रॅनाइटचा मूळ पत्ता त्याच्या काळ्या कणांत असते. गाळ वितळून झालेल्या ग्रॅनाइटच्या बायोटाइट या काळ्या अभ्रकात ॲल्युमिनियम जास्त, पांढरं अभ्रक पण दिसते, अन जुना अग्निजन्य दगड वितळून झाला असला तर हॉर्नब्लेंड हे काळं खनिज येते. ही विभागणी १९७४ मध्ये चॅपेल अन व्हाइट या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियातले ग्रॅनाइट पाहून मांडली. हॉर्नब्लेंडमधलं ॲल्युमिनियम मोजलं तर तो किती दाबाखाली गोठला ते निघते, एक किलोबार दाब म्हणजे साधारण साडेतीन-पावणेचार किलोमीटर खोली, पण सोबत क्वार्ट्झ (गारगोटी) अन फेल्डस्पार खनिजाचे दोन्ही प्रकार वगैरे पाहिजेत, नाहीतर हिशोब चुकते. प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पारच्या दाण्यात मध्ये कॅल्शियम जास्त अन काठाला सोडियम जास्त, म्हणजे थंड होता होता वितळलेल्या दगडाचा रस कसा बदलत गेला ते एकाच दाण्यात लिहून आहे. हे मोजायला इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब नावाचं यंत्र लागते, त्याचा झोत साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भिंगानं एवढं नाही होत, पण लाल स्लॅबच्या फेल्डस्पारमध्ये पांढऱ्या बारीक रेघा मी स्वतः पाह्यल्या. गरम असताना पोटॅशियम-सोडियम एकत्र होते, थंड झाल्यावर वेगळे झाले.

तिनं दोऱ्याला छोटा चुंबक बांधून करड्या पट्टीपाशी धरला तर तो हलकासा ओढला गेला. आत मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला ओढणारं लोहखनिज! सगळ्या ग्रॅनाइटात नसते ते, रसात ऑक्सिजनचा जोर किती होता त्यावर असते. दुकानातली पोरं हातचं काम सोडून पाहून राह्यली होती. आपल्या आमगावकडचे दगड दोनशे कोटी वर्षांहून जुने आहेत, पण इथं त्यातली एक पट्टी नाही, सगळा माल बाहेरचा.

आता तक्रारी. मोल्डिंग अन सिंक कटिंगचे पैसे आधी बोलून घ्या, आम्हाला बिल बनताना सांगितले. हमाली वेगळी. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात त्यावर रंग ठरवू नका, ट्यूबलाइटखाली सगळंच गुलाबी दिसते.

काळा घ्यायचा असेल तर कापसाला नेलपॉलिश रिमूव्हर लावून कोपऱ्यात घासा, रंगवलेला असला तर कापूस काळा होते. आम्ही घासलं तेव्हा मालकानं तोंड वाकडं केलं, पण कापूस पांढराच राह्यला, मंग तीच पट्टी घेतली.