ज्युपिटर-९ (८५ मिमी, एफ/२): सात महिन्यांच्या वापरानंतर

हाताने फोकस करायची लेन्स मी पहिल्यांदा वापरली ती सात महिन्यांपूर्वी. त्याआधी कॅमेऱ्यानं डोळा शोधायचा, चौकोन हिरवा व्हायचा आणि मी बटण दाबायचं, एवढाच माझा फोकसशी संबंध. ज्युपिटर-९ ही जुनी सोव्हिएत लेन्स घेतली ती एफ/२वर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक (ॲपर्चर) पूर्ण उघडं ठेवून काढलेली पोर्ट्रेट बघून. केसांच्या कडेनं दुधाळ उजेड, मऊ त्वचा, मागचं सगळं विरघळलेलं. मला अगदी तसेच फोटो हवे होते. आज माझ्या निवडक फोटोंचं फोल्डर उघडलं तर त्यातले बहुतेक एफ/४चे, म्हणजे भोक लहान करून काढलेले आहेत. लोक ही लेन्स एफ/२साठी घेतात, मीही घेतली. पण तिचं खरं काम एफ/२.८ ते एफ/४ या पट्ट्यात आहे, आणि हे कळायला मला चार महिने लागले.

आधी वस्तू कशी आहे ते सांगते. पूर्ण धातूची, आकाराच्या मानानं चांगलीच वजनदार. माझ्या लेन्सचा क्रमांक ७८ने सुरू होतो. सोव्हिएत लेन्सच्या क्रमांकातले पहिले दोन आकडे बहुतेक वेळा वर्षाचे असतात, म्हणजे ही १९७८ची धरायला हरकत नाही. ॲपर्चरला दोन रिंगा आहेत आणि नवख्या माणसाचा पहिला गोंधळ तिथेच होतो. एक रिंग टक टक करत आकड्यांवर थांबते, ती फक्त हद्द ठरवते. दुसरी गुळगुळीत फिरते, आणि पाती प्रत्यक्षात उघडतात-मिटतात ती हिच्यामुळे. पहिली ४वर ठेवली की दुसरी २ ते ४ एवढीच फिरते, पुढे जात नाही. याला प्रीसेट ॲपर्चर म्हणतात. जुन्या रिफ्लेक्स (आरशातून बघायच्या) कॅमेऱ्यात पूर्ण उघड्या लेन्सवर, भरपूर उजेडात फोकस करायचा, मग डोळा न हलवता दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवायची आणि फोटो घ्यायचा, यासाठी केलेली ही सोय.

आणि पाती! पंधरा आहेत. आजच्या बहुतेक लेन्समध्ये सात किंवा नऊ असतात, त्यामुळे बरीच मिटली की भोक कोनाकोनाचं होतं. ही लेन्स पुढून डोळ्यासमोर धरून मी दुसरी रिंग हळूहळू फिरवत बसायचे. पात्यांच्या कडा एकमेकींवरून सरकतात, भोक लहान लहान होत जातं, पण गोल ते गोलच राहतं. फोटोत याचा अर्थ असा की एफ/४वरसुद्धा मागच्या दिव्यांचे ठिपके गोल येतात. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मूळ रचना सोव्हिएत नाही. झाइस आयकॉन या जर्मन कंपनीत काम करणाऱ्या लुडविग बेर्टेले यांनी काँटॅक्स कॅमेऱ्यांसाठी १९३०च्या दशकात ज्या सोनार लेन्स केल्या, त्या कुळातली ही. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसची यंत्रं आणि आराखडे सोव्हिएत संघात गेले आणि तिथे ज्युपिटर नावानं ही लेन्स बनू लागली. सात काचा, पण गट तीनच. सोनार पहिल्यांदा घडल्या तेव्हा काचेवर परावर्तन कमी करणारा लेप नव्हता. हवा आणि काच जिथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरायचा आणि आतल्या आत भटकून फोटो फिका करायचा. काचा एकमेकींना चिकटवून टाकल्या की असे पृष्ठभाग सहाच उरतात. झाइसमध्येच अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली लेपाची युक्ती काढली आणि ही अडचण हळूहळू मागे पडली, पण सोनारची चण तशीच राहिली. माझ्या लेन्सवर लेप आहे, एका थराचा.

कॅमेऱ्यावर बसवणं सोपं. हिचे आटे एम४२चे, म्हणजे ४२ मिमी व्यासाचे. बरणीच्या झाकणासारखी फिरवून बसवायची. एम४२ कॅमेऱ्यात लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिमी अंतर असतं, मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यात ते साधारण १६ ते २० मिमी. उरलेलं अंतर भरून काढणारी पोकळ नळी म्हणजे अडॅप्टर, त्यात काच नसते. निकॉनच्या जुन्या एफ माउंटवर मात्र हे अंतर ४६.५ मिमी आहे. तिथे साध्या अडॅप्टरनं लांबचा फोकस मिळत नाही. कॅमेऱ्यात दोन गोष्टी बदलाव्या लागतात: ‘लेन्स नसताना शटर चालू’ हा पर्याय सुरू करायचा आणि हात स्थिर करणाऱ्या यंत्रणेला ८५ मिमी असं हातानं सांगायचं. हे दुसरं मी पहिले तीन आठवडे विसरले होते आणि हललेल्या फोटोंचं खापर लेन्सवर फोडत होते.

पहिला दिवस आजीबरोबर. खिडकीशी खुर्ची, बाजूनं येणारा उजेड, अंतर दीड मीटर, एफ/२. फोकस पीकिंग लावलं होतं, म्हणजे जे स्पष्ट असेल त्याच्या कडा स्क्रीनवर लाल होतात. आजीच्या डोळ्यांपाशी लाल रेघा चमकल्या की मी फोटो घेत होते. साठेक फोटो काढले. संगणकावर उघडले आणि पोटात गोळा आला. चष्म्याची फ्रेम लख्ख, तिच्यावरचा बारीक ओरखडाही मोजता येईल इतका, आणि डोळे त्यामागे धुक्यात. पीकिंगला कडा हवी असते. चष्म्याच्या काळ्या काडीसारखी ठळक कडा चेहऱ्यावर दुसरी कुठली? फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ/२ आणि दीड मीटर म्हणजे स्पष्ट दिसणारा पट्टा साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास. त्यातला अर्धा पुढे, अर्धा मागे. चष्मा आणि बुबुळ यांच्यात दीड-दोन सेंटिमीटर अंतर सहज असतं. म्हणजे फ्रेमवर फोकस बसला की डोळे पट्ट्याच्या अगदी काठावर किंवा बाहेर. साठांतले चार फोटो ठेवण्यासारखे निघाले.

तेव्हापासून पीकिंग बंद. या लेन्सवर एफ/२ला ते तसंही भरवशाचं नाही, कारण उजेडाची ती दुधाळ साय सगळ्याच कडा मऊ करते आणि लाल रेघ कुठेही उमटते. मी चित्र मोठं करून बघते, जवळच्या डोळ्याची खालची पापणी धरते. बुबुळात खिडकीचं प्रतिबिंब असेल तर तेच धरते, त्याच्याइतकी सोपी खूण नाही. फोकसच्या रिंगेचा फेरा लांब आहे, त्यामुळे बारीक फरक बोटांना कळतो. पण शेवटचा फरक मी रिंगेनं करतच नाही. कोपरं पोटाशी, एक पाय पुढे, आणि कंबरेतून केसभर पुढे-मागे. प्रतिबिंब टोकदार झालं त्या क्षणी फोटो. हे जमायला महिना गेला. आता दहातले सात फोटो तरी जागेवर बसतात.

तरीही एक कोडं होतं. एफ/२वर अचूक फोकस करून, ठरल्याप्रमाणे दुसरी रिंग एफ/२.८पर्यंत फिरवून फोटो घेतला की डोळे किंचित मऊ आणि कान मात्र स्पष्ट. मला वाटलं मीच डोलते. शेवटी कॅमेरा तिकाटण्यावर बांधला, टेबलावर मोजपट्टी तिरपी ठेवली आणि फोकसची रिंग अजिबात न हलवता एफ/२, २.८, ४ असे तीन फोटो घेतले. स्पष्ट आकडे दर फोटोत मागे मागे सरकत गेले. सोनार कुळात हा गुण असतोच. काचेच्या कडेतून येणारे किरण मधल्या किरणांच्या थोडं अलीकडे एकत्र येतात. ॲपर्चर मिटलं की कडेचे किरण अडतात, राहतात ते मधले, आणि फोकसची जागा मागे जाते. म्हणजे जी सोय म्हणून दोन रिंगा दिल्या आहेत ती तशी वापरली तर फोकस चुकतो! मिररलेसमध्ये उपाय सोपा आहे. ज्या ॲपर्चरवर फोटो घ्यायचाय त्याच ॲपर्चरवर फोकस करायचा. स्क्रीन उजेड वाढवून दाखवतो, अडचण येत नाही. ही एक गोष्ट मला कोणी पहिल्या दिवशी सांगितली असती तर दोन महिने वाचले असते.

आता एफ/२ आणि एफ/४. या खरोखर दोन वेगळ्या लेन्स आहेत. एफ/२वर तपशील असतो, पण त्याच्यावर उजेडाचा पातळ पडदा असतो. पांढरे केस, पांढरा सदरा, कपाळावरचं ऊन, जिथे जिथे प्रखर उजेड तिथे त्याच्या कडेनं तो ओघळतो. काळा रंग काळा न राहता राखाडी होतो. ढगाळ उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर हे फार देखणं दिसतं. पण सगळ्यांचेच चेहरे एकसारखे देखणे दिसतात, हे मला तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खुपायला लागलं. मामा, मैत्रीण, शेजारची काकू, सगळे एकाच स्वप्नात बसल्यासारखे. एफ/२.८वर पडदा जवळजवळ उठतो. एफ/४वर तो जातो, पण आधुनिक लेन्सचा तो करकरीतपणा येत नाही. सुरकुती दिसते, तिची कड टोचत नाही. उजेडाकडून सावलीकडे जाताना गालाची गोलाई सलग उतरते. पट्टा सात सेंटिमीटरच्या आसपास होतो, दोन्ही डोळे त्यात मावतात, आणि त्या पंधरा पात्यांमुळे मागचा भाग गोल आणि शांत राहतो. बऱ्याच लेन्समध्ये एफ/४ला हे मिळत नाही, म्हणून मी या आकड्याची एवढी भलावण करतेय.

आजीचे दोन फोटो मोठे छापून घेतले. एक एफ/२चा, केसांभोवती उजेडाचं वलय असलेला, माझा लाडका. दुसरा एफ/४चा. दोन्ही तिच्यापुढे ठेवले. तिनं चष्मा वर-खाली करून बराच वेळ बघितले. वलयवाला बाजूला सारला आणि म्हणाली, “हा देवघरातल्या तसबिरीसारखा झालाय गं. ही मी आहे,” आणि दुसऱ्यातल्या हनुवटीवरच्या तिळावर बोट ठेवलं. एफ/२च्या फोटोत तो तीळ आहे, पण शोधावा लागतो. त्या दिवसानंतर मी पहिली रिंग ४वर ठेवून बसायला लागले आणि एफ/२ हवंच असेल तर उघडते.

तक्रारी आहेत. उजेड समोरून आला की चित्र धुऊन निघतं. सूर्य चौकटीबाहेर असला तरी. हुड (बाजूचा उजेड अडवणारी कड) लावा, ४९ मिमीचा बसतो. त्याहून जास्त फायदा मला अनपेक्षित ठिकाणी झाला. अडॅप्टरच्या आतली भिंत चकचकीत होती. तिथे काळं मखमली स्टिकर चिकटवलं आणि काळे रंग लगेच गडद झाले. फोटो फिका येतोय म्हणून लेन्सला दोष देण्याआधी अडॅप्टरमध्ये टॉर्च मारून बघा. लहान मुलांसाठी ही लेन्स नाही. बहिणीच्या लेकाचे दोनशे फोटो काढले, हाती तीन लागले. आणि ८० सेंटिमीटरच्या आत येता येत नाही. तिथे एफ/२ला पट्टा जेमतेम एक सेंटिमीटरचा, त्यामुळे नाही आलं तेच बरं.

फोकसची रिंग घट्ट होती, इतक्या वर्षांच्या ग्रीसचं मेण झालेलं. पाचव्या महिन्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दिली. परत आली तेव्हा रिंग लोण्यासारखी फिरत होती, पण दूरचं काहीच स्पष्ट दिसेना. फोकसच्या नळीला अनेक तोंडांचे आटे असतात. नळी ज्या जागी सुटली त्याच जागी परत धरावी लागते. दुसऱ्या तोंडातून घातली तरी ती बसते, फिरते, सगळं ठीक वाटतं, फक्त अंतर चुकतं. पोर्ट्रेटला फरक पडत नाही म्हणून मला बरोबर आठ दिवसांनी कळलं. दुसऱ्या कारागिरानं नीट केली. त्यानं सुटण्याची जागा टोकदार सुईनं खुणावून ठेवलीय, ती मी जपते. दुरुस्तीहून आलेली लेन्स तिथेच कॅमेऱ्याला लावून लांबची तार किंवा गच्चीचा कठडा बघा, मगच घरी न्या.

घेणार असाल तर मागून टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, आणि बुरशी लेप खाऊ शकते, मग तो डाग पुसून जात नाही. कडेला इंद्रधनुषी डाग असेल तर चिकटवलेल्या काचा सुटू लागल्यात. सोनारमध्ये चिकटवलेले गट मोठे, त्यामुळे हे नीट बघाच. पात्यांवर तेलाचा ओलावा दिसला तर घाबरू नका. स्वयंचलित ॲपर्चरच्या लेन्समध्ये त्यानं पाती अडकतात, इथे ती आपण हातानंच फिरवतो. समोरच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा चालतो. पाठच्या काचेवरचा चालत नाही. आणि शक्य झालं तर एक फोटो काढून बघा: चष्मा लावलेला माणूस, खिडकीचा उजेड, एफ/४, फोकस बुबुळावर.