सी प्रोग्रामिंगचा वीकेंड क्लास, नारायण पेठ, पुणे: साडेतीन स्टार, तेही एका रविवारमुळे

नाव मुद्दाम देत नाहीये कारण पुढे थोडं वाकडं बोलणारे. पत्र्या मारुतीपासून पाच मिनिटं, दुसरा मजला, गाडी लावायला वीस मिनिटं धरूनच निघा. पहिले दोन रविवार टर्बो सी ची (नव्वदीच्या काळातला जुना कंपायलर) ती निळी स्क्रीन, म्हणजे २०२० नंतरही आपण तिथेच आहोत का असं वाटून मी फी परत मागणार होतो.

तिसऱ्या रविवारी नेहमीचे सर आले नाहीत आणि बदली सरांनी सगळ्यांना लिनक्सवर बसवलं. माझ्याकडे सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीची यादी होती, मराठी नावांची टेक्स्ट फाईल, यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची एक पद्धत). एफगेटडब्ल्यूएसने (fgetws, वाईड कॅरॅक्टरची ओळ वाचणारं सी चं फंक्शन) ओळ-ओळ वाचायला गेलो तर पहिल्याच ओळीला नल, म्हणजे काहीच हाती नाही, लूप बाहेर, स्क्रीन कोरी. मी म्हणालो सर फाईल रिकामी दिसतीये. ते म्हणाले, "अहो, संपली म्हणून नल आला की वाचता आलं नाही म्हणून, ते विचारलंत का?" फेरर (ferror, वाचताना चूक झाली का ते सांगणारं फंक्शन) लावून बघितलं तर एरर होती. प्रोग्राम सुरू होतो तो साध्या 'सी' लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषा-लिपीची सेटिंग), त्याला मराठीचे बाइट कळेनात. मेनमध्ये सगळ्यात वर सेटलोकेल (setlocale), त्यात रिकामी स्ट्रिंग, म्हणजे मशीनवर जे सेट आहे तेच घे. झालं, नावं धडाधड आली.

मग फळ्यावर त्यांनी 'क्षीरसागर' लिहिलं. डोळ्याला अक्षरं पाच, स्ट्रलेन (strlen, बाइट मोजतं) म्हणतं २७, डब्ल्यूसीएसलेन (wcslen, वाईड कॅरॅक्टर मोजतं) म्हणतं ९. हलन्त वेगळा, वेलांटी वेगळी, काना वेगळा, असे नऊ कोडपॉइंट (युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला दिलेला क्रमांक) आणि यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन बाइट. वाईड कॅरॅक्टर म्हणजे आपलं अक्षर नव्हे, हे मला इतक्या वर्षांत कोणी असं दाखवलं नव्हतं.

माझी दुसरी चूक त्यांनी न विचारता पकडली. बफर शंभर डब्ल्यूचारचा (wchar_t, वाईड कॅरॅक्टरचा टाइप), फंक्शनला किती डब्ल्यूचार मावतात ते सांगायचं, आणि मी सवयीने साइझऑफ दिलेला, म्हणजे बाइटची संख्या. लिनक्सवर एक डब्ल्यूचार चार बाइटचा, म्हणजे फंक्शनला मी सांगतोय की जागा चारशेची आहे. नावं छोटी म्हणून बचावलो, नाहीतर बफरच्या बाहेर लिहिलं गेलं असतं! (विंडोजवर दोनच बाइट, तिथे दोनशे झाले असते.) हेडिंग प्रिंटएफने (printf) आणि नावं डब्ल्यूप्रिंटएफने (wprintf, त्याचं वाईड रूप) छापायला गेलो तर नावं गायब, कारण एकदा स्ट्रीम (आउटपुट जातं ती वाट) बाइटची ठरली की मग ती वाईड होत नाही. यावर अर्धा तास गेला पण मजा आली.

तक्रारी? एसी फक्त पुढच्या दोन रांगांपर्यंत, नोट्स म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स, आणि त्यात वाईड कॅरॅक्टरवर एक ओळ नाही, ही फंक्शनं १९९५ च्या सुधारणेपासून सी च्या स्टँडर्डमध्ये असून. चहा मात्र खाली कोपऱ्यावर चांगला मिळतो.

जाणार असाल तर फी भरण्याआधी काउंटरवर विचारा की लिनक्सवाले सर कुठल्या बॅचला आहेत. चौथ्या रविवारी जुने सर परत आले, निळी स्क्रीन पण.