सहा कुंड्या आणि सहा नावपट्ट्या : कॅक्टसच्या एका संचाचे परीक्षण

वाळवंटी कॅक्टसच्या सहा छोट्या कुंड्यांचा हा संच मी रोपांपेक्षा त्यांच्या नावपट्ट्यांसाठी मागवला होता, कारण प्रत्येक रोपाचे शास्त्रीय नाव, त्या नावाचा अर्थ आणि निगेच्या सूचना सोबत मिळतील, असे विक्रेत्याने कळवले होते. रोपे निरोगी आणि मुळांसकट शाबूत पोहोचली. पट्ट्यांबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

सर्वांत चांगली पट्टी सग्वारोची आहे. कार्नेगिया जायगँटिया या नावातील पहिला शब्द अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्यावरून ब्रिटन आणि रोझ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये योजला आणि दुसरा शब्द झाडाच्या अवाढव्यपणाचा आहे, हे तीवर अचूक छापले आहे. सोनोराच्या वाळवंटात हे रोप पहिल्या आठ वर्षांत जेमतेम अडीच ते चार सेंटिमीटर वाढते आणि त्याला फांद्या फुटायला बहुधा ५० ते ७५ वर्षे लागतात, हेही विक्रेत्याने लपवलेले नाही.

हाच प्रामाणिकपणा सोनेरी गोल कॅक्टसच्या बाबतीत दिसत नाही. पट्टीवर एकायनोकॅक्टस ग्रुसोनाय असे नाव आहे. माग्देबुर्गचे उद्योजक आणि कॅक्टसचे संग्राहक हेर्मान ग्रुसोन यांच्यावरून ते पडले. २०१४ मध्ये या जातीसाठी क्रोनलाइनिया ही वेगळी प्रजाती सुचवली गेली, तरी जुने नाव सर्रास वापरात असल्याने त्याला मी दोष देणार नाही. परंतु ‘लवकरच फुलेल’ हे आश्वासन निव्वळ चुकीचे आहे, कारण हा कॅक्टस चांगला थोराड झाल्याशिवाय, म्हणजे दहा-पंधरा वर्षे तरी, फुलत नाही.

मॅमिलारियाच्या माथ्यावर एक गुलाबी फूल होते. लॅटिनमध्ये मॅमिला म्हणजे स्तनाग्र. अंगभर असलेल्या उंचवट्यांमुळे हे नाव मिळाले, आणि फुलेही त्या उंचवट्यांच्या बेचक्यांतून, माथ्याभोवती कडे करून येतात. हे फूल नेमके मध्यभागी, काट्यांवर टेकलेले पाहून शंका आली, आणि चिमट्याने उचलताच खाली गोंदाचा थेंब दिसला. सुकवलेले फूल चिकटवून विकणे ही मला या संचातील सर्वांत खटकलेली गोष्ट वाटते.

ओपुन्शिया मायक्रोडेसिसला ‘बिनकाट्यांचा, मुलांसाठी सुरक्षित’ म्हटले आहे. त्याच्या नावातच बारीक लव आहे, आणि ती लव म्हणजे हात लागताच सुटून कातडीत रुतणारी शेकडो आकडेदार कुसळे. त्यापेक्षा लांब काटा परवडला. तो निदान दिसतो तरी.

लाल डोक्याच्या जिम्नोकॅलिसियमचे नाव त्याच्या उघड्या, ना लव ना काटे अशा कळ्यांवरून आले आहे, ते ठीक. पण त्या लाल गोळ्यात हरितद्रव्य नसते आणि तो खालच्या हिरव्या खुंटावर कलम केलेला असून त्याच्याच जिवावर जगतो, हे सांगितलेच नाही. हा खुंट बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा, म्हणजे उष्ण, दमट रानातल्या वेलीचा असतो. वाळवंटी कॅक्टस आपली रंध्रे रात्री उघडून पाणी वाचवतात आणि माती पूर्ण कोरडी झाल्यावर पाणी घातलेले त्यांना मानवते, पण या खुंटाला तितका कोरडेपणा आणि तितके प्रखर ऊन सोसत नाही. सहाही पट्ट्यांवर पाण्याची सूचना एकच आहे.

सहाव्या कुंडीतील ‘आफ्रिकी कॅक्टस’ कॅक्टस नव्हताच. कॅक्टसचे काटे लोकरीसारख्या बारीक गादीतून उगवतात, तशी गादी याला कुठेच नव्हती; शिवाय वाटेत खरचटलेल्या जागी पांढरा चीक सुकला होता. तो युफोर्बिया आहे. मराठीत दोन्हींना आपण निवडुंग म्हणतो, आणि बोलताना त्याने काही बिघडत नाही. पण युफोर्बियाचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे ही पट्टी काढून मी नवी लिहिली आणि कुंडी उंच फळीवर ठेवली.