नोगुची घरात आणायचा तर कोणता: दिवा, टेबल की बेकलाइटची ‘नर्स’?

इसामु नोगुची शिल्पकार, पण संग्राहक त्यांच्या घरगुती वस्तूंमागेही तितकेच लागतात. मुंबईत राहून पहिली वस्तू घेणाऱ्यासमोर सहसा तीन नावं येतात: ‘आकारी’ नावाचा कागदी दिवा, काचेचं कॉफी टेबल आणि रेडिओ नर्स, म्हणजे बाळाचा आवाज दुसऱ्या खोलीत ऐकवणारं, बेकलाइट या जुन्या कडक प्लास्टिकचं यंत्र. लिलावातले आकडे बाजूला ठेवा. आधी बघा, त्या वस्तूत जुनेपणाला किंमत आहे की जुनेपण हीच तिची खोट आहे.

आकारीत ती खोटच आहे. नोगुची १९५१ मध्ये जपानच्या गिफूला गेले, तेव्हा तिथल्या कंदिलांच्या कारागिरीतून हा दिवा जन्मला. तुतीच्या सालीचा कागद लाकडी साच्यावर बांबूच्या काड्यांना चिकटवतात आणि वाळल्यावर साचा आतून सुटा करून काढतात. ओझेकी ही तिथली कंपनी आजही ते बनवते, त्यामुळे नवा आकारी म्हणजे नक्कल नव्हे. उलट पन्नास वर्षं घडी घालून ठेवलेला कागद उघडताना घडीवरच फाटतो. त्यात आपला जुलै: दमट हवेत कागदावर तपकिरी ठिपके पडतात आणि खळीच्या वासावर कसर येते. म्हणून दिव्याची कागदी छत्री नवी घ्यावी. जुनी घ्यायची तर आकार आता मिळत नसेल किंवा स्टँड मूळचा असेल तरच. सूर्य-चंद्राचा लाल शिक्का नसेल तर तो बहुधा साधा कागदी कंदील. बल्ब एलईडीच लावा, ओलं फडकं लावू नका आणि समुद्राकडच्या खिडकीत टांगू नका, तारेचा सांगाडा गंजतो.

टेबलाचं मधलंच काहीतरी. आराखडा १९४४ चा, हर्मन मिलर या अमेरिकन फर्निचर कंपनीने ते १९४७ मध्ये विक्रीला आणलं. लाकडाचे दोन सारखेच तुकडे, त्यातला एक उलटा, मध्ये एक पिन, वर काच नुसती ठेवलेली. बस, एवढंच. म्हणूनच नकला उदंड. विक्रेत्याकडून काचेच्या कडेला पट्टी लावलेला फोटो मागवा: आजची काच १९ मिमी, सुरुवातीची त्याहून जाड, साधारण २२. नकलांत ती बऱ्याचदा पातळ असते आणि पायाचे दोन तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत. १९७३ मध्ये उत्पादन थांबलं आणि १९८४ मध्ये पुन्हा सुरू झालं, तेव्हा ‘१९७८ चं ओरिजिनल’ असं कुणी सांगितलं तर हसून फोन ठेवा. काच बदललेली असेल तर भाव उतरतो, पण पाया खरा असेल तर वापरायला हाच सौदा बरा. अक्रोडाच्या जुन्या पायाखाली पिठासारखा भुसा दिसला तर भुंगा आहे. पिनेचं भोक सैल झालंय का तेही हाताने हलवून बघा. १९ मिमी काच दर चौरस मीटरला ४७ किलोच्या आसपास भरते. गिरगावातल्या चाळीचा जिना असेल तर आधी माणसं ठरवा, मग पैसे भरा.

रेडिओ नर्सची गोष्टच निराळी. १९३७ ची, झेनिथ या अमेरिकन रेडिओ कंपनीसाठी केलेली, प्रसिद्ध वैमानिक लिंडबर्गच्या बाळाच्या अपहरणानंतरच्या धास्तीतून आलेली. पाळण्याजवळ ‘गार्डियन इअर’ नावाचा पेटीवजा ट्रान्समीटर, आवाज घरातल्याच विजेच्या तारांवरून या नर्सपर्यंत, म्हणजे मुखवट्यासारख्या दिसणाऱ्या बेकलाइटच्या स्पीकरपर्यंत. भलतेच रेडिओ सिग्नल पकडायची, म्हणून बाजारात चालली नाही आणि म्हणूनच आज दुर्मिळ. इथे मात्र जुनेपण हाच माल आहे. गार्डियन इअरसकट जोडी मिळाली तर भाव वेगळा, पण बहुतेकदा नर्स एकटीच विकायला येते.

बेकलाइट ओळखायला अंगठ्याने जोरात घासून गरम करा, औषधासारखा उग्र वास येतो. तापलेली सुई टोचायचा सल्ला ऐकू नका, कायमचा डाग राहतो. केसासारख्या चिरा टॉर्च आडवा धरून शोधा, मागच्या बाजूचे कोपरे खासकरून. रंग किंवा लाख फिरवून चीर झाकलेली असते. उन्हाने चमक गेली असेल तर ती पुरती परत येत नाही. आणि ती चालू करून बघायचा मोह आवरा: ती अमेरिकेच्या ११० व्होल्टसाठी आहे, आपल्या २३० वर थेट लावली तर आतलं जळेल, शिवाय ऐंशीहून अधिक वर्षांच्या तारांचं आवरण हात लावताच गळतं. चोर बाजारात नर्स मिळण्याची आशा ठेवू नका, पण मटन स्ट्रीटवरचे जुने रेडिओ आणि बेकलाइटची बटणं हाताळून नाक तयार होतं, तेही फुकटात.

घर समुद्राजवळ आणि रोज वापरायचं असेल तर नवा आकारी, फक्त खिडकीपासून दूर. जागा आणि जिना दोन्ही असतील तर टेबल. नर्स फक्त काचेच्या कपाटासाठी, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, आणि त्या दर पावसाळ्यात बदलायच्या.

परदेशातून जुनी वस्तू मागवताना एक अडचण तिन्हींना सारखी: शंभर वर्षं पुरी न झाल्याने कस्टम्समध्ये त्या प्राचीन वस्तू म्हणून सुटत नाहीत आणि वापरलेल्या मालाच्या आयातीला परवाना लागू शकतो. लिलावात बोली लावण्याआधीच क्लिअरिंग एजंटकडून लेखी उत्तर घ्या, आणि टेबल असेल तर काच व लाकूड वेगवेगळ्या पेट्यांत पाठवायला सांगा.