दोन ग्राफिक्स कार्डे, परभणीची लाइट आणि 1000 वॉटचा पॉवर सप्लाय : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मागच्या दिवाळीत पाडव्याच्या दिवशी मी माझ्या संगणकात दुसरे जीटीएक्स 1080 टीआय ग्राफिक्स कार्ड बसवले आणि त्याच संध्याकाळी, शर्यतीचा खेळ ऐन रंगात आलेला असताना, कॅबिनेटमधून ‘टक्’ असा बारीक आवाज येऊन सगळे बंद पडले. समोरचे बटण दाबून काहीच होईना. पॉवर सप्लायचा मागचा स्विच बंद करून थोडे थांबल्यावरच संगणक पुन्हा चालू झाला. त्या आठवड्यात हे चार वेळा घडले. पॉवर सप्लाय 750 वॉटचा होता आणि दुकानदाराने तो ‘दोन कार्डांना भरपूर होतो’ असे सांगून दिला होता.

हिशेब कागदावर मांडला तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली. एका कार्डाचे 250 वॉट, म्हणजे दोघांचे 500. रायझन 7 5800एक्स हा प्रोसेसर पूर्ण भाराला 142 वॉटपर्यंत जातो. मदरबोर्ड, रॅम, पंखे आणि डिस्क मिळून आणखी पन्नास-साठ. बेरीज सुमारे 700 वॉट होते आणि ती 750 च्या आत बसते. मग अडले कुठे, याचे उत्तर पॉवर सप्लायच्या अंगावर चिकटवलेल्या तक्त्यात होते. तिथे 12 व्होल्टच्या पुढे 50 अँपिअर लिहिले होते, म्हणजे 600 वॉट. उरलेले दीडशे वॉट 3.3 आणि 5 व्होल्टच्या वाट्याला दाखवून खोक्यावरचा 750 चा आकडा पुरा केलेला होता. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज 12 व्होल्टवरूनच घेतात, त्यामुळे माझ्या कामाच्या दृष्टीने तो 600 वॉटचाच सप्लाय होता. शिवाय कार्डाचा 250 हा आकडा सरासरीचा असतो. चित्र एकदम अवघड झाले की काही मिलिसेकंदांपुरती मागणी त्याच्या बरीच वर उसळते. दोन कार्डांच्या उसळ्या एकाच क्षणी आल्या की संरक्षक सर्किट, जे करायला हवे तेच करून, सप्लाय बंद करते. त्यात यंत्राचा दोष नव्हता, निवड चुकली होती.

म्हणून नवीन घेताना मी तक्ता आधी वाचला : 12 व्होल्टच्या एकाच रेलवर (म्हणजे वाहिनीवर) 83 अँपिअर, 1000 वॉट, 80 प्लस गोल्ड हा कार्यक्षमतेचा दर्जा, सर्व केबली सुट्या आणि दहा वर्षांची वॉरंटी. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या मालिका आतून अगदी निराळ्या असतात आणि नुसते नाव पाहून घेणारा फसतो.

जोडणी करताना प्रत्येक कार्डाला दोन स्वतंत्र केबली दिल्या. 8 पिनच्या जोडाची मर्यादा 150 वॉट, 6 पिनची 75 आणि मदरबोर्डच्या स्लॉटची 75. एकाच केबलीच्या दोन टोकांवर अख्खे कार्ड चालते खरे, पण केबल गरम होते आणि कार्डापाशी पोचेपर्यंत व्होल्टेज थोडे पडते. जुन्या सप्लायवर मी हीच काटकसर केली होती. तेव्हा भाराखाली मल्टिमीटरवर 11.5 व्होल्ट दिसत होते; संगणकाच्या सप्लायसाठीच्या एटीएक्स मानकाची खालची मर्यादा 11.4 आहे. आता त्याच खेळात 11.97 च्या खाली काटा उतरत नाही.

मात्र आपल्या भागात पॉवर सप्लायची खरी परीक्षा भिंतीतल्या सॉकेटपासूनच सुरू होते, आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या डीपीवर कूलरचा भार वाढला की घरात 175 व्होल्ट येते. आमच्या आबांना संगणकातले काही कळत नाही, पण हे त्यांना एका वाक्यात कळले : ‘व्होल्टेज पडलं की मोटार जास्त अँपिअर ओढती, तसंच ना?’ कारण थोडे वेगळे असले तरी परिणाम तोच. सप्लायला तेवढीच वीज पुढे द्यायची असते, म्हणून तो मागून जास्त प्रवाह घेतो. खेळताना माझा संगणक सॉकेटमधून सुमारे 680 वॉट घेतो. 230 व्होल्टला ते 3 अँपिअर होतात, 175 ला जवळपास 3.9. म्हणूनच विस्तृत व्होल्टेजवर, म्हणजे 100 ते 240 पर्यंत, चालणारा सप्लाय घ्यावा आणि सैल एक्स्टेंशन बोर्डावर तो कधीही लावू नये.

उन्हाचेही तसेच. काही स्वस्त सप्लायचा आकडा 25 अंश तापमानाला मोजलेला असतो. मे महिन्यात माझ्या खोलीतच 40 अंश होते. माझ्या सप्लायचे 1000 वॉट 50 अंशांना दिलेले आहेत. गोल्डचा फायदा लोक वीजबिलात शोधतात, मला तो उष्णतेत दिसला : 620 वॉट पुढे देताना हा सुमारे 60 वॉट उष्णता टाकतो, 80 टक्के कार्यक्षमतेच्या सप्लायने दीडशेवर टाकली असती. त्या कोंदट खोलीत हा फरक अंगाला जाणवतो. भार कमी असला की याचा पंखा थांबलेला असतो, तेव्हा पहिल्या दिवशी घाबरू नये.

अर्थिंगबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण तिकडे माझे सर्वांत जास्त दुर्लक्ष झाले होते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत. सप्लायच्या तोंडाशी गाळणीचे छोटे कपॅसिटर असतात आणि ते फेज व न्यूट्रल दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थ तुटलेली असेल तर पत्र्यावर साधारण अर्धे व्होल्टेज तरंगत राहते. वायरमनने तपासले तेव्हा अंगणातला खड्डा कोरडा ठणठणीत पडलेला निघाला. मीठ-कोळसा नव्याने भरला, पट्टी बदलली आणि उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी घातले. झिणझिण्या पूर्ण गेल्या.

घरातल्या 900 व्हीएच्या इन्व्हर्टरवर मात्र हा संगणक टाकू नये. तो भार त्याला पेलत नाही, आणि लाइट गेल्यावर बदल व्हायला लागणारा वेळ सप्लाय तग धरतो त्या 16-17 मिलिसेकंदांपेक्षा पुष्कळदा जास्त असतो. मी शुद्ध साइन वेव्हचा, 1500 व्हीए आणि 900 वॉटचा यूपीएस वेगळा घेतला. खेळ जतन करून संगणक बंद करण्याइतका वेळ तो देतो.

दोन कार्डांचा मार्ग नव्याने कोणी धरावा असे मी म्हणणार नाही. एनव्हिडियाने 2000 मालिका व त्याआधीच्या कार्डांसाठी नवी एसएलआय प्रोफाइल (एखादा खेळ दोन कार्डांवर मिळून चालावा म्हणून ड्रायव्हरमध्ये दिलेली मांडणी) 1 जानेवारी 2021 पासून थांबवली आहेत. माझे खेळ त्याआधीचे आहेत आणि दुसरे कार्ड मला सेकंडहँड स्वस्तात मिळाले. नऊ महिन्यांत नव्या सप्लायवर संगणक एकदाही आपणहून बंद पडलेला नाही.

जुना 750 वॉटचा सप्लाय सेलूला भाच्याच्या एका कार्डाच्या संगणकात सुरळीत चालू आहे. त्याच्याबरोबर त्याच्याच केबली मोजून पिशवीत बांधून दिल्या, कारण सप्लायकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येक मॉडेलची निराळी असू शकते आणि दुसऱ्याची केबल बसली तरी डिस्क जळू शकते.