बेड्याजवळचा दिवा आणि तीन बंडलं वायर

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, मी डोंबिवलीला. गावी आई-अण्णा दोघंच. पडवीपासून खळं (अंगण) ओलांडून बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, वीस-बावीस मीटर, आणि रात्री तिथे मिट्ट काळोख. पावसात पायाखाली काय येईल नेम नाही, म्हणून मे महिन्यात ठरवलं की बेड्याजवळ लोखंडी पाइपवर एक दिवा लावायचा आणि बटण पडवीतल्या बोर्डावर घ्यायचं. काम एवढंच. या एवढ्याशा कामात मी ११,१०० रुपयांना बुडालो. अण्णा वाचले, म्हणून निदान पैशांचं रडतोय.

इलेक्ट्रिशियन कुणीतरी सुचवलेला. परवाना आहे का, हे मी विचारलंच नाही. फोनवर मोठा अदबीने बोलायचा. "दादा, लाल, काळी, हिरवी अशी तीन बंडलं लागतील. फेज, न्यूट्रल, अर्थिंग. काम नियमात करायचं तर रंग वेगळे पाहिजेत." (फेज वीज आणते, न्यूट्रल परत नेतो, अर्थिंग गळती जमिनीत सोडतं.) मला उलट बरं वाटलं, माणूस अर्थिंगचं नाव स्वतःहून काढतोय! वहीच्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवर आली: वायर ३ बंडल ७,२००, लाइट ९५०, पाइप व सामान १,१५०, मजुरी १,८००. मी तिथल्या तिथे यूपीआयने पैसे पाठवले.

आता साधा गुणाकार बघा. बंडल असतं ९० मीटरचं. बावीस मीटरच्या तीन वायरी म्हणजे ६६ मीटर. चढ-उतार धरूनही तिन्ही वायरी मिळून एका बंडलाएवढंच काम, आणि तालुक्याच्या दुकानात वायर मीटरनेही मिळते. हे मी कधी केलं? जुलैत. सगळं झाल्यावर.

दिवा लागला. आई खूश. दोन-चार दिवसांनी म्हणाली, "अरे, बटण बंद केलं तरी दिवा पुरता विझत नाही. एक डोळा किलकिला ठेवून असतो." मी इलेक्ट्रिशियनला फोन केला. "दादा, एलईडी आहे ना, थोडा करंट राहतो त्यात." मी तेच आईला सांगितलं, आणि वर तिलाच समजावलं. आजही ते आठवलं की कानात गरम होतं.

जुलैत एका संध्याकाळी पाऊस धो धो. दिवा बंदच होता. अण्णा बेडं लावायला गेले आणि तोल सावरायला त्यांनी पाइपला हात धरला. झटका बसून मागे चिखलात पडले. पायात रबरी चपला होत्या आणि पाइपवर मूठ आवळली गेली नाही, म्हणून सुटले. आईने आधी मेन स्विच पाडला, मग धावली. हे तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे. डॉक्टरांनी ईसीजी काढला, ठीक निघाला. नंतर अण्णा सहज म्हणाले, "तशा आठवडाभर मुंग्या येत होत्या हो त्या पाइपला."

माझा आतेभाऊ आयटीआयचा, वायरमन ट्रेड केलेला आणि परवानाधारक. दुसऱ्या दिवशी तो आला, मीही पहाटेच्या गाडीने पोचलो. त्याने आधी टेस्टर घरातल्या चालू सॉकेटमध्ये लावून पाहिला, टेस्टरच मेलेला असेल तर काय उपयोग? मग पडवीतलं बटण बंद ठेवून दिव्याच्या टोकांना लावला. टेस्टर पेटला. तोच टेस्टर पाइपला टेकवला, तिथेही पेटला.

"मामा, याने बटणातून न्यूट्रल नेलाय. फेज सरळ दिव्यावर उभा आहे. बटण दाबून दिवा विझतो, वीज तिथेच राहते." एलईडीला लुकलुकायला करंट नावापुरता लागतो, म्हणून तो डोळा किलकिला. (बटणात लाल इंडिकेटर असला तरी एलईडी कधीकधी असा मिणमिणतो. तेव्हा लगेच कुणाच्या नावाने बोंब मारू नका, आधी तपासून घ्या.)

मग मेन पाडून पाइप उघडला. आत दोन वायरी, दोन्ही लाल. काळी नाही, हिरवी तर नाहीच. एकाच बंडलातून दोन तुकडे तोडले, बाकी माल गेला त्याच्या घरी. आणि दोन्ही वायरी एका रंगाच्या म्हटल्यावर फेज कुठली नि न्यूट्रल कुठला हे त्याचं त्यालाच कळलं नसणार. मधला जोड नुसता पीळ मारून टेपने गुंडाळलेला, टेपखाली पाणी. लोखंडी पाइपच्या तोंडाला बुश (वायर घासू नये म्हणून बसवतात ते कडं) नाही, त्या धारेवर घासून एका वायरीचं कातडं सोललेलं. भावाने एक तार ब्लेडने खरवडली. वरून तांबूस, खाली पांढरीफटक. अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा! अस्सल वायरीवर कंपनीचं नाव, जाडी, आयएस ६९४ (वायरीचं भारतीय मानक) आणि आयएसआयचा सीएम/एल नंबर, म्हणजे परवान्याचा नंबर, छापलेला असतो, तो नंबर भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर ताडून बघता येतो. आमच्या वायरीवर एक अक्षर नव्हतं.

मी विचारलं, मग एमसीबी (जादा करंट वाहिला की आपोआप पडणारा स्विच) का पडली नाही? तर ती १० अँपिअरची. माणसाला मारायला त्याचा शंभरावा हिस्साही भारी पडू शकतो, एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. शेजारच्या काकांनी सुचवलं, पाइपला एक सळी ठोकून द्या जमिनीत, झालं. भावाने ऐकलं नाही. सळीचा रोध २० ओहम धरला तरी २३० व्होल्टला साडेअकराच अँपिअर वाहतात, त्यावर १० ची एमसीबी चटकन पडत नाही; आणि आमचा जांभा उन्हाळ्यात किती सुकतो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणजे रोध आणखी वाढणार. म्हणून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (एवढीशी वीज गळाली तरी पडणारा स्विच) घराच्या मेन बोर्डात, डीबीमध्ये, बसवली. मग लाल वायर बटणातून, काळी सरळ, हिरवी घराच्या अर्थिंगपासून दिव्याच्या बॉडीला आणि पाइपलाही. मध्ये जोड नाही. पाइपच्या तोंडाला बुश, रबर असलेला बंद डबा, आणि वायर डब्यात खालच्या बाजूने, थोडा झोल देऊन, म्हणजे पाणी झोलावरून गळून जातं. शेवटी आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून ती पडते हे आईला दाखवलं. आई आता दर महिन्याला दाबते, पंचांगात खूण करते.

त्या गृहस्थाला फोन केला तर म्हणतो, "दादा, दोन महिने चालला ना दिवा?" मी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयाचं नाव काढलं, तेव्हा ३,००० परत आले आणि माझा नंबर ब्लॉक झाला. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन करून झाला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल नाही, पण यूपीआयची नोंद, ती चिठ्ठी, उघडलेल्या पाइपचे फोटो आणि खरवडलेल्या वायरीचा हातभर तुकडा मी जपून ठेवलाय.

बाकीची वायर फेकायला काढली होती, आईने ठेवून घेतली. सध्या तिच्यावर पडवळाचा वेल चढलाय.