स्लाव्हियाचं 1.0 टीएसआय: घाटात, उसाच्या सीझनमध्ये आणि गावातल्या गर्दीत

स्कोडा स्लाव्हिया ही सेडान, 1.0 टीएसआय (एक लिटरचं पेट्रोल इंजिन, धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा आत दाबणारा टर्बो लावलेलं), सहा गिअरची मॅन्युअल. ज्यांना दर आठवड्याला घाट नाहीतर हायवे लागतो, त्यांनी बेलाशक घ्यावी. ज्यांची गाडी कोल्हापुरात राजारामपुरीतून शाहूपुरीत आणि परत घरी एवढीच फिरते, त्यांनी हे इंजिन घेऊ नये, मग टेस्ट ड्राइव्हमध्ये कितीही आवडू दे. असं का म्हणते ते नीट सांगते, कारण टर्बो पेट्रोलबद्दल आपल्याकडे एक तर नुसतं कौतुक ऐकू येतं, नाहीतर नुसती भीती.

मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटी बघते. त्यामुळे इंजिन म्हटलं की मला आधी ओतकाम दिसतं. हे तीन सिलिंडरचं, 999 सीसीचं इंजिन. ब्लॉक अॅल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. ताकद 115 पीएस, टॉर्क (म्हणजे खेच) 178 एनएम, आणि तो 1750 पासून जवळजवळ 4500 आरपीएमपर्यंत सपाट मिळतो. हेच इंजिन 2020 मध्ये पोलो आणि रॅपिडमध्ये 110 पीएसचं होतं. फोक्सवॅगनच्या ईए 211 या घराण्यातलं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ब्रोशरमध्ये कुणी वाचत नाही. याला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर गोळा करणारा नळ्यांचा जोड) वेगळा नाही, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे आणि त्याच्याभोवती पाणी खेळतं. असं हेड ओतायचं म्हणजे धुराच्या वाटांचे, पोर्टचे कोअर (पोकळी सोडायला साच्यात ठेवायचे वाळूचे आकार) वेगळे, पाण्याच्या वाटांचे वेगळे, आणि मधे जेमतेम काही मिलिमीटरची भिंत. कोअर किंचित सरकला की भिंत एका बाजूला पातळ. कोअरमधला गॅस बाहेर पडला नाही की ब्लो होल, म्हणजे धातूत पोकळ बुडबुडा. हे काम रोज करणाऱ्यालाच त्याची किंमत कळते. फायदा दुहेरी आहे. थंडीत सकाळी पाणी लवकर गरम होतं, आणि घाटात टर्बोकडे जाणारा धूर तेवढा तापलेला नसतो. टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलरसुद्धा समोर बंपरमागे नसून इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलाय, पाण्यावर थंड होणारा. हवेचा रस्ता आखूड, म्हणून पाय दाबल्यावर इंजिन पटकन जागं होतं.

याचा खरा उपयोग ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर कळतो. राधानगरी रोडला किंवा कागलकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेनं चाललेले असतात. मागचा लाइट नाही, बाजूला मोळ्या लोंबतायत. अशा ठिकाणी ओव्हरटेक एका दमात व्हायला लागतो. तिसरा गिअर, काटा 2000 च्या वर, समोर रस्ता मोकळा दिसला की गाडी सरळ निघते. घरात आधी 1.2 लिटरची बिनटर्बोची गाडी होती, तिला याच जागी दुसऱ्यात टाकून किंचाळायला लावावं लागायचं.

गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवायची. 1750 च्या खाली हे इंजिन एक लिटरचंच आहे. वळणावर तिसऱ्यात काटा 1400 वर आला तर कितीही दाबा, गाडी ढिम्म. दुसरा टाकायचा आणि मोकळं व्हायचं. उतारावरही इंजिन ब्रेक मोठ्या डिझेलसारखा लागत नाही, तिथंही दुसराच. महाद्वार रोड, पापाची तिकटी भागात क्लच-ब्रेक-क्लच करताना डावा पाय भरून येतो. तिथंच फिरायचं असेल तर टॉर्क कन्व्हर्टरवाली (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारी) ऑटोमॅटिक बघा. सिग्नलला एसी चालू असताना स्टिअरिंगला तीन सिलिंडरची थरथर जाणवते. याला थरथर मारणारा बॅलन्स शाफ्ट नाही, त्यामुळे तेवढी असणारच. मला त्रास नाही, माझ्या सासूबाईंना वाटतो.

अॅव्हरेज: पुणे हायवेला शंभरच्या आत ठेवलं तर अठरा-एकोणीस, घाटात तेरा-चौदा, गावात अकरा-बारा. रस्त्याच्या कामाची डायव्हर्जन्स लागली की हायवेचा आकडाही खाली येतो.

आता टिकाऊपणा. इथंच जरा जास्त लिहिते.

पहिली गोष्ट, टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी चेन किंवा पट्टा. फोक्सवॅगनच्या याआधीच्या ईए 111 टीएसआय इंजिनांना चेन होती, आणि ती चेन सैल होण्याच्या, ती ताणून धरणारा टेन्शनर दगा देण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. ईए 211 ला दातेरी पट्टा आहे. पट्टा म्हटल्यावर आपल्याकडे लोक नाक मुरडतात, पण त्या चेनपेक्षा हा बरा निघाला. फक्त त्याची तपासणी आणि बदली मॅन्युअलमध्ये लिहिल्याप्रमाणे करायची. पट्टा तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग दुरुस्तीचा आकडा ऐकवत नाही.

दुसरी, पाण्याचा पंप. या घराण्यातलं माहीत असलेलं दुखणं हेच. पंप आणि थर्मोस्टॅट एकाच प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये आहेत, इंजिनाच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला, पंप एक्झॉस्ट कॅमवरून (धुराचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या शाफ्टवरून) छोट्या पट्ट्यानं फिरणारा. काही वर्षांनी त्या जोडावरून कूलंट झिरपू शकतं. थेंब खाली पडतोच असं नाही, गरम जागेवर तो वाळतो. वॉरंटी संपत आली तशी मी उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींना टॉर्च घेऊन तेवढीच जागा बघायला लावली. त्यांनी आरसा आत घातला, बोट फिरवलं आणि कोरडं बोट मला दाखवलं. "ताई, हितं गुलाबी पावडर दिसली की समजायचं. टाकीत पाणी वाढवत बसायचं न्हाई." माझ्या गाडीची जागा कोरडी आहे. तुमच्या टाकीतली पातळी महिन्या-दोन महिन्यांत खाली जात असेल आणि कुणी "उडून जातं हो" म्हणालं, तर ऐकू नका. बंद सिस्टीममधून कूलंट असं उडून जात नाही.

तिसरी, तेल. याच मिस्त्रींच्या बाकावर दुसऱ्याच कुठल्या गाडीतला निकामी टर्बो पडला होता. त्यांनी चिमटीत धरून चाक वर-खाली केलं, शाफ्ट चक्क डुगडुगला. तेलाच्या नळीत काळी, कडक, काचेसारखी खपली. नखानं निघेना. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि धातूला धातू न लावता तेलाच्या थरावर तरंगतो. तो थर गेला की सगळं संपलं. घाट चढून आल्या आल्या किल्ली फिरवून बंद केलं की टर्बोत अडकलेलं तेल तिथंच भाजतं. स्लाव्हियात गाडी बंद केल्यावरही टर्बोचं पाणी फिरवायची सोय आहे, म्हणून कधी कधी पंखा चालू राहतो, घाबरू नका. तरी मी वर पोचल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवते.

एका गॅरेजनं मला "सगळं तेल सारखंच असतं मॅडम" म्हणून उघड्या ड्रममधलं तेल घालायचा आग्रह केला होता. मी तिथून गाडी काढली. सारखं नसतं. टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शन असलेल्या इंजिनात कमी आरपीएमला जोर दिला, तर ठिणगीच्या आधीच आतलं मिश्रण पेट घेऊ शकतं. तेलाचे बारीक कण त्याला कारण होतात, आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत त्यात तुटते. 2020 मध्ये आलेल्या एपीआय एसपी (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचा तेलाचा दर्जा) छापलेल्या तेलात याची चाचणी घेतलेली असते. पण नुसतं एसपी बघून भागत नाही, कंपनीनं मॅन्युअलमध्ये दिलेला मंजुरीचा नंबर डब्यावर छापलेला हवा. आणि पेट्रोल वाचवायला पाचव्या गिअरमध्ये चाळीसनं रेटत न्यायची जी आपली जुनी सवय आहे, ती या इंजिनाला मारक आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांना गाडी देताना हे आवर्जून सांगा.

चौथी, कार्बन. इथं पेट्रोल 200 बारपेक्षा जास्त दाबानं थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूवर पेट्रोल पडतच नाही, म्हणून ती धुतली जात नाही आणि तिथं काजळी धरते. पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरच्या बाटल्यांचा त्या जागी काहीही उपयोग नाही, ते तिथं पोचतच नाहीत. टाटा नेक्सॉनच्या 1.2 टर्बोत इंजेक्टर पोर्टमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हच्या मागे आहेत, त्यामुळे तिला हा त्रास नाही, पण चालवायला ती इतकी हलकी लागत नाही. गावातल्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, काजळी वाढते, शिवाय न जळलेलं पेट्रोल तेलात उतरून तेल पातळ होतं. सुरुवातीला राजारामपुरी-शाहूपुरी म्हणाले ते यासाठी.

पाचवी गोष्ट जुनी झाली, पण सेकंडहँड घेणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. 2021 मध्ये स्कोडाची कुशाक ही एसयूव्ही आली तेव्हा सुरुवातीच्या काही गाड्यांना ईपीसीचा (इंजिन कंट्रोलमधल्या बिघाडाचा इशारा देणारा) दिवा लागून ताकद तुटायची. कंपनीनं इंधन पंपाचा दोष मान्य केला आणि जास्त मजबूत पंप बदलून दिले. त्या काळातली कुशाक घेत असाल तर पंप बदलल्याची नोंद सर्व्हिस हिस्टरीत आहे का, ते मागून घ्या.

वापरलेली स्लाव्हिया बघायला जाणार असाल तर मालकाला आधीच सांगा, गाडी सकाळपासून चालू केलेली नको. थंड इंजिन तुमच्यासमोर चालू करायला लावा. कूलंटची पातळी बघा, पाण्याच्या पंपाच्या हाउसिंगखाली टॉर्च मारा, तेलाची काडी काढून पेट्रोलचा वास येतो का बघा. मग चौथ्या गिअरमध्ये 2000 पासून पूर्ण दाबा. ओढ एकसारखी पाहिजे, मधे गचका नको, मागं निळा धूर नको. तेल वेळेवर बदलल्याची बिलं नसतील तर किंमत कितीही कमी सांगितली तरी ती गाडी सोडून द्या.